"उमेदवार मिळत नाहीत" म्हणून आमचं संगणक केंद्र हलवलंत, त्याबद्दल खुलं पत्र

प्रति,
ग्रामीण भागातल्या डिजिटल साक्षरतेचं धोरण ठरवणारे, त्याला पैसे मंजूर करणारे आणि त्याच्या फायलींवर सह्या करणारे राज्यातले सगळे मंत्री, सचिव आणि अधिकारी

नमस्कार,

आमच्या डोंगरातल्या पाड्यांसाठी मंजूर झालेलं संगणक प्रशिक्षण केंद्र आता इथे होणार नाहीये, ते तालुक्याच्या गावी हलवलंय, आणि कारण दिलंय की या भागात पुरेसे उमेदवार मिळत नाहीत. हे कुणी आम्हाला लेखी कळवलं नाही, ग्रामसभेत विचारलं नाही, शाळेची खोली रिकामी करून ठेवली होती तिथे कुणीच आलं नाही तेव्हा चौकशी केली आणि मग समजलं. मी गप्प बसून बघितलं, वाटलं कुणीतरी मोठं माणूस बोलेल, कुणी बोललं नाही म्हणून हे पत्र लिहितेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

उमेदवार नाहीत हे खरं नाही. तुमची पाहणी जानेवारीत झाली. जव्हार-मोखाड्याकडचा कुठलाही माणूस सांगेल की दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, घराला काटेरी फांदी लावून, पोराबाळांसकट, आणि येतो तो भट्ट्या बंद व्हायला लागल्या की पावसाच्या तोंडावर. जानेवारीत दार वाजवलंत तर म्हाताऱ्या माणसांशिवाय कोण भेटणार? त्यांनी सांगितलं असेल आम्हाला काय करायचाय कॉम्प्युटर, आणि ते कागदावर गेलं असेल. हेच लोक ऑगस्टमध्ये, लावणी उरकल्यावर आलात तर दाराशी रांग लावतील, हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, मी या दिवसांत पाड्यावर शिकवते आणि जागा नसते म्हणून बायका व्हरांड्यात उभ्या राहून बघतात.

मी कोण ते सांगते. मी याच भागातली. बरीच वर्षं तालुक्याच्या गावात एमएससीआयटीच्या बॅचेस घ्यायचे. ती २००१ पासून चालू असलेली परीक्षा, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मागतात म्हणून आमची पोरं पोटाला चिमटा काढून फी भरतात, आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडून कधी कधी न्यूक्लिअस बजेटमधून ती फी मिळते पण त्याचीही यादी आणि त्याचाही नंबर असतो. त्या बॅचेसमध्ये माझ्याकडे पाड्यावरून बाई म्हणून फारशी कधी कुणी आलीच नाही. मुलगे यायचे, मुली यायच्या त्या वसतिगृहात राहणाऱ्या. मग मीच शनिवार-रविवार पाड्यांवर जायला लागले, दोन जुने लॅपटॉप आणि एक वायरची पिशवी घेऊन. माझी आई अंगणवाडी सेविका होती, २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकामी मोबाईल परत केले, पोषण ट्रॅकरवर इंग्रजीत माहिती भरायची नाही म्हणून आंदोलन केलं, त्या बायकांमध्ये माझी आई पण होती. तीस वर्षं वह्या चोख ठेवणारी बाई एका स्क्रीनपुढे रडकुंडीला आलेली मी घरात बघितलीय. तिला अक्कल कमी नव्हती, तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कुठल्या योजनेचा नाही.

आणि आता तर शिकणं ही हौस राहिलेलीच नाही. रेशनला ई-केवायसी, शेतकऱ्याला फार्मर आयडी, पोरांच्या शिष्यवृत्तीला महाडीबीटी, २०२१ पासून ई-पीक पाहणीला स्वतःच्या शेतात उभं राहून फोटो, रोजगार हमीच्या हजेरीला २०२३ पासून सक्तीने दिवसातून दोन वेळा फोटो. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहितीये. ओटीपी हवा, तो पण आधी बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर आणि मग नवऱ्याच्या किंवा बापाच्या, नवरा भट्टीवर, त्याचा फोन बंद. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असा उलटा विचारला होता की घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, होय की नाही? आमच्याकडच्या एका बाईसाठी ते बटण दुसऱ्याच माणसाने दाबलं, पैसे घेऊन, तिला न विचारता, "नाही" असं, आणि तिचे दीड हजार थांबले. घरात सरकारी नोकरी सोडा, पगार घेणारं कुणी नाही. ती मला विचारत होती बाई मी काय चुकीचं केलं, आणि मी तिला तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला तर तिने एका फटक्यात बरोबर उत्तर दिलं. म्हणजे तिला उत्तर माहिती होतं, फक्त तिच्यापर्यंत प्रश्न पोचला नव्हता. तिच्या नावाची माहिती, तिचा आधार, तिचा ओटीपी, तिचे पैसे आणि तिच्यासाठी सगळं करणारा हात मात्र दुसऱ्याचा. असं किती दिवस चालणार आहे? आणि तोच हात कधी लबाड निघाला तर? फसवणूक झाली तर १९३० ला फोन करायचा असतो हे मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहून ठेवते, पण खात्यातून पैसे गेलेत हेच ज्या बाईला चार महिन्यांनी बँकेत गेल्यावर कळतं ती १९३० ला काय सांगणार.

आता तक्रारी. एकेक करून लिहिते, कारण मोघम लिहिलं की "नोंद घेतली आहे" असं उत्तर येतं.

सगळ्यात पहिली तक्रार अंतराची, आणि यात खरं तर पैशाचा हिशोब आहे जो कुणी मांडत नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात प्रशिक्षण फुकट होतं, वीस तासांचं, कमीत कमी दहा दिवसांत पसरलेलं. फुकट म्हणजे फी नाही. पण केंद्र तालुक्याला असेल तर आमच्या पाड्यावरून सकाळची एसटी पकडायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, मधे दुसरी गाडी नाही, म्हणजे दोन तासांच्या वर्गासाठी पूर्ण दिवस. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी धरली तर दिवसाला ३१२ रुपये. दहा दिवसांचे झाले ३,१२० रुपये, वर तिकिटाचे वेगळे. ज्या घरात मीठ-मिरचीचा हिशोब होतो त्या घराला तुम्ही सांगताय की तीन हजाराच्या वर खर्च करून फुकट शिक्षण घ्या. नाही येत लोक. का येतील? मग म्हणायचं उमेदवार मिळत नाहीत.

दुसरी तक्रार आकड्यांची. ते अभियान फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर झालं, २,३५१ कोटी ३८ लाख रुपयांचं, सहा कोटी ग्रामीण घरांतला प्रत्येकी एक माणूस साक्षर करायचा म्हणून. मार्च २०१९ पर्यंत संपवायचं होतं, लांबत लांबत ३१ मार्च २०२४ ला बंद झालं. सरकारी आकड्याप्रमाणे ६ कोटी ३९ लाखांच्या आसपास लोकांना प्रशिक्षण मिळालं, त्यातले पावणेपाच कोटींच्या वर परीक्षा पास होऊन सर्टिफिकेटवाले झाले. म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्तच. मी हे आकडे खोटे म्हणत नाही, मला एवढंच दिसतं की माझ्या ओळखीच्या पाड्यांमध्ये त्यातलं कुणी सापडत नाही. आणि याचं कारण माणसांचा वाईटपणा नाही, योजनेची रचनाच तशी होती. केंद्र चालवणाऱ्याला एका उमेदवारामागे तीनशे रुपये, आणि ते पण उमेदवार ऑनलाइन परीक्षा पास झाला तरच. तुम्ही केंद्र चालवत असता तर कुणाला घेतलं असतं? ज्या बाईने कधी माऊस हातात धरला नाही, जिला अक्षरं लावत वाचावं लागतं, जिला शिकवायला दोन महिने लागतील आणि तरी पास होईल याची खात्री नाही तिला, की कॉलेजात जाणाऱ्या, आधीच मोबाईल सराईत चालवणाऱ्या पोराला? विजेचं बिल आणि खोलीचं भाडं त्याच तीनशेतून भरायचं होतं. त्यामुळे ज्यांना येत होतं त्यांचीच नावं पुढे गेली, आणि ज्यांच्यासाठी योजना होती ते जिथे होते तिथेच राहिले. आमच्याच भागात एका केंद्रावर तर बायकांचे फक्त अंगठे आणि फोटो घेतले, परत बोलावतो म्हणाले, बोलावलं नाही, त्यातल्या एकीचं सर्टिफिकेट निघालंय असं नंतर कळलं, तिने अजून चालू लॅपटॉप जवळून बघितला नव्हता. (अंगठा पण बरेचदा उठत नाही आमच्या बायकांचा, हाताच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात. रेशन दुकानात हे रोजचं आहे.)

त्याला जोडूनच, एका घरातला एकच माणूस हा नियम. तो एक माणूस बहुतेक घरांत पुरुष असतो, किंवा मुलगा. बाईचा नंबर येतच नाही. आणि गंमत नाही सांगत, आज बहुतेक योजनांचे पैसे बाईच्या नावाने येतात, बचतगट बाईचा, रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख बाई, अंगणवाडीत बाई, आणि शिकलेला एक मात्र घरातला पुरुष जो सहा महिने भट्टीवर असतो. हा नियम पुन्हा आणू नका, कुठल्याही नावाखाली आणू नका.

वीस तासांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हे माझं रोजचं काम आहे. ज्याने शाळा बघितलीय, टीव्ही-मोबाईल हाताळलाय त्याला वीस तास पुरतील. पाड्यावरच्या चाळिशीतल्या बाईचे पहिले पाच-सहा तास फक्त हात बसण्यात जातात. माऊस टेबलाच्या कडेला आला की ती तो उचलून हवेत धरते आणि स्क्रीनकडे बघते, बाण हलत का नाही म्हणून. डबल क्लिक करताना हात हलतो, दोन क्लिकच्या मधे बाण सरकतो आणि काहीच उघडत नाही. पुस्तकात याला एक ओळ असते. मी काय करते तर पेंट उघडून देते आणि म्हणते लग्नात चौक लिहितेस ना भिंतीवर, तो काढ इथे. आधी चौकोन वाकडा येतो, मग त्रिकोण जमायला लागतात, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, मग एकमेकांच्या कमरेत हात घातलेली माणसं, मधे तारपावाला, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा. ज्या बाईचा हात तांदळाच्या पिठाने शेणाच्या भिंतीवर न थांबता रेघ ओढतो ती माऊसला फार वेळ घाबरत नाही, आणि एकदा का तिला तारप्याचा गोल बंद करता आला की मग तिला फाईल सेव्ह करणं, नाव देणं, परत उघडणं हे सगळं स्वतःहून करायचं असतं कारण ते चित्र तिचं आहे. त्यानंतर मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट कीबोर्ड, पाड्याच्या नावात ळ आहे, तो सापडत नव्हता, ल च्या बटणावर शिफ्ट दाबून ळ येतो हे एका बाईला कळलं आणि तिने बाकीच्या सगळ्यांना दाखवलं, मला बोलावंच लागलं नाही. पुढे बचतगटाचा हिशोब एक्सेलमध्ये, कुणाचे किती जमा, कुणाचं कर्ज किती, व्याज आपोआप येतं बघून त्यांनी वहीतल्या हिशोबाशी ताडून बघितलं, वहीत एके ठिकाणी बेरीज चुकलेली सापडली. हे सगळं व्हायला पूर्ण मोसम लागतो. वीस तासांत होत नाही, होणार नाही, आणि वीस तासांचा अभ्यासक्रम ज्यांनी ठरवला त्यांनी एकदा अशा वर्गात बसावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

भाषा. घरात वारली किंवा कोकणा बोलणारी माणसं मराठी समजतात, पण "प्रमाणीकरण", "संमती नोंदवा", "सत्र समाप्त झाले आहे" ही मराठी त्यांना काय, मला पण दोनदा वाचावी लागते. प्रशिक्षणाचे व्हिडिओ याच भाषेत असतात. यावर जास्त लिहित नाही, उपाय खाली लिहिलाय.

यंत्रं आणि नेट. भारतनेटचं काम २०११ पासून, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं म्हणून चालू आहे. पंचायतीपर्यंत वायर आली तरी पंचायत एकीकडे आणि पाडे पाच-सात किलोमीटर डोंगरात, रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडली की महिनोन् महिने डबा नुसता भिंतीला असतो. म्हणून आधी नेट येऊ दे मग शिकवू असं जे सांगितलं जातं ते मला मान्य नाही. माझ्या वर्गातलं जवळजवळ सगळं नेटशिवाय चालतं. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने सौर ऊर्जेवर डिजिटल वर्ग चालवून दाखवला, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले तिथे. ते गाव काही आमच्यापेक्षा सोयीचं नव्हतं. मनावर घेणारं माणूस आणि त्याला पाठबळ देणारं गाव, एवढं होतं.

आणि हे सगळं आधी होऊन गेलंय, म्हणून जास्त राग येतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात सत्तर गावं संगणकाने जोडली, तेव्हा देशभर नाव झालं होतं. पण संगणक ऑपरेटरच्या टेबलावर राहिला, शेतकरी खिडकीबाहेर उभा राहून उसाच्या वजनाची माहिती विचारायचा आणि कागद घेऊन जायचा, पुढे तेच काम मोबाईलच्या मेसेजवर होतंय असं दिसलं. मग २०१६ मध्ये मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, धारणी तालुक्यातलं, कोरकू लोकांचं गाव, २०१९ च्या निवडणुकीत त्याच गावाच्या जाहिरातीवरून किती धुरळा उडाला तो सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितला. मला त्या राजकारणात पडायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की दोन्ही वेळेला आधी यंत्रं गेली, उद्घाटनं झाली, आणि माणसाला शिकवायचं काम शेवटी राहिलं किंवा राहूनच गेलं.

होत नाही असं म्हणायची सोय मात्र आता उरलेली नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा नावाच्या पंचायतीने २०२१ ला सुरुवात करून २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आपली सगळी पंचायत डिजिटल साक्षर केली. कसं केलं ते बघा, केंद्र उघडून लोकांची वाट बघत बसले नाहीत, तरुण पोरं-पोरी रोजगार हमीच्या कामावर गेली, कुटुंबश्री म्हणजे तिथल्या बचतगटांच्या बायकांच्या बैठकीत गेली, म्हाताऱ्यांच्या घरी गेली, आणि जिथे माणूस आहे तिथे त्याच्याच फोनवर शिकवलं. तेच नंतर राज्यभर केलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केरळने पूर्ण डिजिटल साक्षर राज्य झाल्याचं जाहीर केलं, शिकणाऱ्यांत शंभरी पार केलेले आजोबासुद्धा होते. तिथे साक्षरता मुळात जास्त, गावं दाट, हे मला माहितीये, आमच्याकडे जास्त वेळ लागेल. पण सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी फिरत्या बसमधून शिक्षण चालवलंच ना, तो काही पाण्यापावसाचा सुखी मुलूख नाही. म्हणजे महाराष्ट्रात पण जमतं, शिकवणाऱ्याने लोकांकडे जायचं ठरवलं तर.

सरकारच्याच पाहणीत, २०१७-१८ च्या, पाच वर्षांवरच्या ग्रामीण माणसांपैकी संगणक चालवता येणारे ९.९ टक्के निघाले होते आणि शहरात ३२.४ टक्के. हा सगळ्या देशाचा ग्रामीण आकडा, यात रस्त्याकडेची मोठी गावं पण आली. आमच्यासारख्या डोंगरातल्या पाड्यांचा वेगळा आकडा काढायची कुणाला गरज वाटली नाही.

आता मागण्या. यातली एकही अवाच्या सवा नाही.

केंद्र परत इथे द्या. इमारत नकोय, फर्निचर नकोय, उद्घाटन तर अजिबात नको. जिल्हा परिषदेची शाळा सुटल्यानंतरची खोली, दोन माणसांमागे एक लॅपटॉप, एक सोलर पॅनेल आणि बॅटरी, बास. लॅपटॉप सरकारी कार्यालयांतून बाद झालेले दिलेत तरी चालतील, दुरुस्त करायला आमची पोरं शिकतील, ते पण शिक्षणच आहे.

वर्गाचं वेळापत्रक मोसमाप्रमाणे लावा. लावणीनंतर ते कापणीपर्यंत पाड्यावर, आणि दिवाळीनंतर जे भट्टीवर जातात त्यांच्यासाठी भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर संध्याकाळी, फिरत्या गाडीतून. मार्च एंडच्या आत आकडे भरायचे म्हणून फेब्रुवारीत बॅच काढू नका, तेव्हा इथे माणसं नसतात.

एका घरात एक ही अट काढा, बायकांना आधी घ्या, वयाची वरची मर्यादा ठेवू नका. मागच्या योजनेत साठीच्या पुढे प्रवेश नव्हता, आणि निराधार पेन्शनसाठी बँकेच्या सगळ्यात जास्त खेपा साठीच्या पुढच्यांनाच घालाव्या लागतात.

तास वाढवा, निदान साठ करा. आणि शिकवणाऱ्याला पास झालेल्या डोक्यामागे पैसे देऊ नका, महिन्याचं मानधन द्या. तपासायचं असेल तर परीक्षा नको, सहा महिन्यांनी या आणि बघा की बाईने स्वतःच्या हाताने, कुणी शेजारी न बसता, स्वतःच्या खात्यातली शिल्लक बघितली का, सातबारा काढला का, पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला का. असं तपासलं की खोटं सर्टिफिकेट निघायला जागाच राहत नाही.

शिकवायला इथलीच माणसं घ्या. बारावी झालेल्या, डीएड करून घरी बसलेल्या मुली प्रत्येक पाड्यावर आहेत, त्यांना महिनाभर नीट तयार करा. ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक आहेत, त्यांना वेळेवर आणि पोट भरेल एवढं मानधन द्या, ते बिचारे वर्षानुवर्षं त्यासाठीच आझाद मैदानात बसतायत, आणि मग त्यांच्याकडून ही अपेक्षा करा. प्रशिक्षणाचं ऐकायचं साहित्य वारली, कोकणा, कातकरी बोलणाऱ्या माणसांकडून त्यांच्या आवाजात करून घ्या.

पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांच्या पाच टक्के अबंध निधीत शिक्षणावर खर्च करता येतो. आमच्या ग्रामसभेने त्यातून लॅपटॉप घ्यायचा ठराव केला तर तो वरून कुठल्याही कारणाने अडवला जाणार नाही असं स्पष्ट पत्र काढा. आम्ही पूर्ण भार तुमच्यावर टाकत नाहीये.

आणि शेवटची, जी माझ्या मते आजच्या आज करता येते. जोपर्यंत एखाद्या पाड्यावर हे शिक्षण पोचलेलं नाही तोपर्यंत तिथल्या कुणाचंही रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा हप्ता केवळ ऑनलाइन फॉर्म चुकला किंवा मुदतीत भरला नाही म्हणून थांबवू नका. कागदावर अर्ज घ्या, अंगणवाडीत घ्या, ग्रामपंचायतीत घ्या. ज्यांना शिकवलं नाही त्यांना नापास करून शिक्षा द्यायची हे कुठल्याच शाळेत चालत नाही.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आमचे सगळे लोक घरी असतील. त्याच्या आत लेखी उत्तर पाठवा, ते तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवू. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: केंद्र इथे कधी सुरू होणार त्याची तारीख, त्यासाठी मंजूर झालेले पैसे सध्या कुठे आहेत, आणि जानेवारीच्या पाहणीत कुठल्या पाड्यावर कुणाशी बोललात त्याची यादी. कुणी अधिकारी स्वतः आले तर जास्त चांगलं, ग्रामसभा अकराला सुरू होते.

आपली,
पाड्यावर संगणक शिकवणारी एक शिक्षिका
जव्हार-मोखाडा परिसर, जि. पालघर